काजूचा रस, खोबरेल, मीठ: हजार लिटरच्या टाकीपासून फ्लेक्सिटँकपर्यंत कशात काय भरावे?

सत्तरीचे_भाट
नमस्कार मंडळी. हंगामात काजूच्या बोंडांचा रस २०० लिटरच्या निळ्या ड्रमांतून वाळपईहून बार्देशातल्या फेणीच्या भट्टीवर जातो. ड्रम चढवायला-उतरवायला माणसे लागतात, शिवाय प्रत्येक ड्रम वेगळा धुवावा लागतो. वेर्णा, कुंडई भागातून लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या हजार लिटरच्या जुन्या टाक्या विकायला येतात. त्यांना आयबीसी म्हणतात असे कळले. त्यात रस भरून नेता येईल का? हंगाम संपल्यावर त्याच टाकीत खोबरेल ठेवता येईल का? आणि पावसाळ्यात पागोळीचे पाणी साठवले तर? जाणकारांनी सविस्तर सांगावे.

वेर्णा_स्टोअर
बाब, टाकी घेण्याआधी तिच्यात पूर्वी काय भरले होते ते कळलेच पाहिजे. ते कळत नसेल तर खाण्यापिण्याच्या कामाला ती घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. आतली बाटली एचडीपीई प्लास्टिकची असते. हे प्लास्टिक सॉल्व्हंट, अत्तरी द्रव्ये, कीटकनाशके अशा गोष्टी स्वतःत मुरवून घेते. आतून चकचकीत दिसेपर्यंत धुतली तरी भिंतीत मुरलेले पुढचे कित्येक दिवस झिरपत राहते. तेल आणि अल्कोहोल तर ते ओढूनच काढतात. मूळ मालाचे लेबल खरवडून काढलेली टाकी सरळ बाजूला ठेवा. ग्लुकोज सिरप, ग्लिसरीन, खाद्यतेल, व्हिनेगर यांच्या टाक्या मूळ लेबलासकट मिळतात, त्या शोधा.

पिंजऱ्याच्या पुढच्या पत्र्यावर ३१एचए१/वाय असे काहीसे कोरलेले असते. ३१ म्हणजे द्रवासाठीची कडक टाकी, एच म्हणजे आत प्लास्टिक, ए म्हणजे बाहेर पोलाद. वाय म्हणजे मध्यम आणि कमी धोक्याच्या रसायनांसाठी चाचणी झालेली. पुढे बनवल्याचा महिना आणि वर्ष असते. धोकादायक माल नेण्यासाठी प्लास्टिकच्या बाटलीची मुदत बनवल्यापासून ५ वर्षे, आणि दर अडीच वर्षांनी तपासणी लागते. पाणी किंवा रसासाठी हा नियम लागू नाही, पण बाटलीचे वय त्यावरून कळते. एक लक्षात घ्या, हा शिक्का मजबुतीचा आहे. टाकी खाद्यपदार्थांसाठी योग्य आहे असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

नेहमीची मापे: तळ १२०० × १००० मिमी, उंची साधारण ११६० मिमी, रिकामे वजन ६० किलोच्या आसपास, वरचे तोंड १५० मिमी, खालचा व्हॉल्व्ह ५० मिमी. व्हॉल्व्हच्या तोंडाला बहुतेक वेळा एस६०×६ हा जाड आट्यांचा धागा असतो. आपल्या नळकामाचे बीएसपी फिटिंग त्यावर बसत नाही. जोर करून बसवले तर दोन फेऱ्यांतच आटे फाटतात. त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर मिळतो, तो टाकीबरोबरच मागून घ्या.

पागोळीच्या पाण्यासाठी टाकी चालेल, पण पांढऱ्या बाटलीतून उजेड आत जातो आणि पंधरवड्यात शेवाळ धरते. काळे कव्हर घाला किंवा बाटलीला बाहेरून काळा रंग द्या. उन्हाने एचडीपीई ठिसूळ होते, तेही त्याने लांबते. कायमची साठवण हवी असेल तर आयएस १२७०१ चा शिक्का असलेली काळी टाकी बरी. ती त्याच कामासाठी घडवलेली असते.

भट्टी_पेडणे
रसाबद्दल मी लिहितो, कारण इथे सगळ्यात मोठी चूक झाकणात होते.

बोंडाचा रस काढल्यावर काही तासांतच आंबू लागतो. रसात साधारण १० टक्के साखर धरली तर हजार लिटरमध्ये १०० किलो साखर झाली. ती पूर्ण आंबली तर जवळपास ४९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. आपल्याकडच्या तापमानाला तो २७ घनमीटरच्या वर भरतो, म्हणजे टाकीच्या सत्तावीसपट. आयबीसी दाबासाठी बनवलेलीच नसते. झाकण घट्ट लावले की आधी बाटलीच्या भिंती पिंजऱ्याच्या नळ्यांमधून फुगून बाहेर येतात, मग झाकणाचा रबर किंवा व्हॉल्व्हची बैठक जागा सोडते. काही झाकणांत वायू सोडणारा छोटा व्हेंट असतो. रसासाठी तसेच झाकण हवे. ते नसेल तर झाकणात छिद्र पाडून नळी काढा आणि तिचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवा. वायू जाईल, माशी-चिलटे येणार नाहीत. टाकी गाडीवर असताना मात्र पाण्याची बाटली नको, नळीचे टोक खाली वळवून कापड बांधा.

टाकी काठोकाठ भरू नका. वर किमान १० टक्के जागा फेसासाठी सोडा. फेसात चोथा असतो, तो व्हेंटमध्ये अडकला की व्हेंट बंद आणि पुन्हा तीच गत. म्हणून रस आधी दुहेरी फडक्यातून गाळा.

रस आम्लधर्मी असतो आणि त्यात टॅनिन भरपूर. साध्या लोखंडाशी संबंध आला की तो काळा पडतो, गॅल्व्हनाइज्ड फिटिंगचे जस्त त्यात विरघळते. बाटली प्लास्टिकची असल्यामुळे ती निर्धोक. पण लोक पुढे जीआयचा नळ लावतात आणि तिथेच बिघडते. स्टेनलेस ३०४ किंवा ३१६ लावा, नाहीतर पॉलिप्रॉपिलीन.

शेवटचे, पण जिवाशी गाठ असलेले: हा वायू हवेपेक्षा जड. बंद खोलीत, तळघरात, खड्ड्यात आंबणाऱ्या टाक्या ठेवू नका. मोठ्या टाकीत वाकून किंवा उतरून चोथा काढू नका. वायू दिसत नाही आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. एकाला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात.

चोर्लाघाट_फेरी
वाहतुकीचे गणित. रसाची घनता १.०४ च्या आसपास धरा. भरलेली टाकी पिंजऱ्यासकट ११०० किलो. ‘छोटा हत्ती’ टेम्पोची क्षमता पाऊण टनाच्या आसपास, म्हणजे भरलेली टाकी त्याच्यावर चढवायचीच नाही. मग 'अर्धीच भरू' असे कोणीतरी सुचवते, आणि तो त्याहून वाईट मार्ग. अर्ध्या भरलेल्या टाकीत द्रव हलायला मोकळा असतो. ब्रेक मारला की सगळा लोट पुढे, वळणावर सगळा बाहेरच्या बाजूला. गाडीचे वजन वळणावर हवे तिथे राहत नाही.

मोठ्या टँकर कंटेनरसाठी आंतरराष्ट्रीय नियमच आहे: आत लाट अडवणारे आडवे पडदे नसतील आणि कप्पा ७५०० लिटरच्या वर असेल, तर २० ते ८० टक्के भरलेल्या अवस्थेत तो नेता येत नाही. भरला तर ८० टक्क्यांच्या वर, नाहीतर २० च्या खाली. अपवाद फक्त काकवीसारख्या फार घट्ट द्रवांना. तुमच्या टाकीला तो नियम लागत नाही, पण त्यामागचे भौतिकशास्त्र तेच. पूर्ण टाकी पेलेल असे वाहन घ्या, किंवा कमी माल असेल तर ड्रमच बरे. २०० लिटरच्या ड्रमात द्रव फार लांब पळू शकत नाही. १९०५ साली अमेरिकेत पेटंट झालेला लोखंडी ड्रम इतकी वर्षे टिकला, त्याला कारण आहे. मधल्या दोन उभारलेल्या कड्यांवर तो गडगडत नेता येतो, तळाच्या कडेवर कलता करून एकटा माणूस फिरवतो.

टाकी बांधताना पट्टे पिंजऱ्यावरून तिरके घ्या, व्हॉल्व्हच्या बाजूने नाही. व्हॉल्व्ह गाडीच्या मागच्या फळीकडे पण आत ठेवा, मागच्या गाडीचा धक्का सरळ त्याच्यावर बसू नये. झडपेच्या दांड्याला पिन किंवा तार घाला. खडबडीत रस्त्यावर दांडा स्वतःहून फिरतो.

म्हापसा_तेलघाणा
खोबरेलासाठी व्हॉल्व्हचा रबर बदलावा लागतो असे ऐकले आहे. खरे का?

वेर्णा_स्टोअर
खरे. बऱ्याच टाक्यांच्या व्हॉल्व्हला ईपीडीएम रबर असतो. आम्ल, अल्कली, पाणी, अल्कोहोल यांना तो उत्तम. तेलात मात्र फुगतो, मऊ पडतो आणि झडप अर्धवट बंद होऊ लागते. खोबरेलाला नायट्राइल किंवा व्हिटॉन. उलट व्हिटॉन असलेली टाकी कॉस्टिक सोड्याने धुवाल तर तो रबर लवकर खराब होतो. धुताना पाणी ६० अंशांपेक्षा गरम नको, बाटलीचा आकार जातो.

दुसरी गोष्ट, खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठते. किनाऱ्यावर हे क्वचित जाणवते, पण डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांग्याच्या रात्री तापमान त्याखाली जाते. पहिल्यांदा गोठते ते व्हॉल्व्हमधले तेल, कारण तिथे थोडेच तेल आणि भोवती थंड हवा. सकाळी दांडा फिरत नाही म्हणून पाना लावला की प्लास्टिकचा दांडा तुटतो. गरम पाण्यात भिजवलेले फडके व्हॉल्व्हभोवती गुंडाळून थांबा. थेट ज्योत कधीही नको.

रस आणि तेल एकाच टाकीत आलटून पालटून नको. आंबट वास तेलात उतरतो, तेलाचा थर राहिला तर रसात खवटपणा. दोन टाक्या ठेवा, अंगावर ठळक रंगाने लिहा.

टँकर_यार्ड_वास्को
अजून एक अपघात कोणी लिहिला नाही: आतल्या बाजूला दबणे. पंपाने खालून माल ओढताना वरचे झाकण बंद राहिले की आत पोकळी तयार होते. फक्त ०.१ बार इतका फरक पडला तरी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन भार येतो. आयबीसीच्या बाटलीचे कोपरे आत ओढले जातात आणि घडीवर चीर पडते. मोठे स्टीलचे टँकरसुद्धा याने चपटे झाले आहेत. वाफेने धुऊन गरम असतानाच झाकण लावले, तर आतली वाफ थंड होऊन पाण्याचे थेंब होतात. वाफेचे पाणी झाले की तिची जागा सोळाशे पटींहून जास्त आक्रसते. आतून दाब पेलायला बनवलेली टाकी बाहेरचा दाब तितका पेलत नाही. म्हणून नियम: माल काढण्याआधी वरचे तोंड किंवा हवेचा व्हॉल्व्ह उघडा, धुतल्यावर टाकी हाताला गार लागेपर्यंत उघडी ठेवा.

आता मोठा माल. परदेशी खोबरेल किंवा सिरप पाठवायचे असेल तर दोन वाटा.

आयएसओ टँक कंटेनर: २० फुटी चौकटीत बसवलेली स्टेनलेसची टाकी, साधारण १७,५०० ते २६,००० लिटर. रसायनांसाठी सर्रास चालणाऱ्या टी११ वर्गाच्या टाकीची चाचणी ६ बारला होते. दर अडीच आणि ५ वर्षांनी तपासणी. मजबूत, पुन्हा पुन्हा वापरता येते, पण परत येताना रिकामी आली तर त्याचे भाडे तुमच्याच अंगावर. शिवाय धुलाईचा दाखला लागतो.

फ्लेक्सिटँक: साध्या २० फुटी कंटेनरमध्ये पसरवायची पॉलिथिलीनची अनेक थरांची पिशवी, १६,००० ते २४,००० लिटर. एकदाच वापरायची. फक्त बिनधोक द्रवासाठी. २४,००० लिटर खोबरेल म्हणजे ०.९२ घनतेने सुमारे २२ टन, तेव्हा रस्त्याची वजनमर्यादा आधी बघा.

पिशवी फुटण्याची कारणे बहुतेक वेळा पिशवीत नसतात, कंटेनरमध्ये असतात. जमिनीत वर आलेला खिळा, भिंतीवर वेल्डिंगचा मणी, तुटलेली फळी. आत हात फिरवून बघा, डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. जमीन आणि भिंतींना जाड क्राफ्ट कागद किंवा पुठ्ठा लावा. दाराशी असलेल्या खाचांमध्ये आडव्या पोलादी पट्ट्या आणि फळी बसवा, त्यालाच बल्कहेड म्हणतात. पिशवीचा भार तो पेलतो, दारे नाहीत. डावे दार बंद ठेवायचे, काम फक्त उजव्या दारातून. डाव्या दारावर इशाऱ्याचे लेबल लावतात ते त्यासाठीच. उतरवणाऱ्याने आधी डावे दार उघडले आणि बल्कहेड सरकलेला असला तर २२ टन तेल अंगावर येते.

पिशवी जितक्या लिटरची, तितकीच भरायची. वीस हजारांची पिशवी पंधरा हजार भरली तर आत लाट उठते आणि शिवणीवर ताण येतो. चोवीस हजारांत पंचवीस घातले तर कंटेनरच्या भिंती फुगतात आणि जहाजावर शेजारच्या कंटेनरला घासतात. म्हणून मागवतानाच आकार मालाच्या मापाचा मागा. युरोपात हिवाळ्यात जाणार असेल तर पिशवीखाली तापवायची गादी बसवून घ्या, नाहीतर तिथे २२ टनांची वडी मिळेल.

सत्तरीचे_भाट
सर्वांना देव बरें करूं. तयार फेणी आयबीसीत ठेवली तर? गराफांवांची (फेणीच्या मोठ्या बाटल्यांची) काच फुटते म्हणून विचारतो.

भट्टी_पेडणे
नको. चाळीस टक्क्यांच्या आसपासच्या मद्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे पेटण्याइतकी वाफ सुटू लागते ते तापमान, २६ अंशांच्या जवळ असतो. गोव्यात दुपारचे तापमान त्याच्या वर, म्हणजे टाकीच्या तोंडाशी पेटू शकणारी वाफ कायम असणार. आगीत प्लास्टिकची बाटली काही मिनिटांत वितळते आणि हजार लिटर मद्य एकदम जमिनीवर पसरते. काचेचा गराफांव फुटला तर तेवढाच जातो. आंतरराष्ट्रीय वाहतुकीत २४ टक्क्यांवरचे मद्य यूएन ३०६५ खाली धोकादायक माल धरतात. २४ ते ७० टक्क्यांच्या गटाला सूट आहे, पण २५० लिटर किंवा त्याहून लहान भांड्यांपुरतीच. फ्लेक्सिटँक तर प्रश्नच नाही. मोठी साठवण हवी असेल तर स्टेनलेसची टाकी, अर्थिंग, ज्योतरोधक जाळीचा व्हेंट, आणि अबकारी खात्याची परवानगी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तिला प्लास्टिकचा वास लागू देणे हे तिचे नाव घालवणे आहे.

आगर_नेरूल
घन मालाबद्दलही लिहा कोणीतरी. मिठाला जंबो बॅग चालते का?

कुंडई_पॅकिंग
चालते, आणि चांगली चालते. विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची चार कानांची पोती, ५०० ते २००० किलोची. ९० × ९० × १२० सेंटिमीटरच्या बॅगेत जाडे मीठ साधारण एक टन बसते. लेबलावर सुरक्षा गुणांक बघा: ५:१ म्हणजे एकाच फेरीची, ६:१ म्हणजे अनेक फेऱ्यांची. ५:१ ची बॅग दुसऱ्यांदा भरू नका. बाहेरून ती धडधाकट दिसते, पण कानाच्या शिवणीत ताण बसलेला असतो.

उंची तळाच्या रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त नको, कलंडते. भरताना थोडी हलवून माल बसवा, नाहीतर मधे भोके राहतात आणि एक बाजू ढासळते. चारही कान सरळ उभे उचलायचे. दोन कानांवर उचलली की सगळा भार दोन शिवणींवर. फोर्कलिफ्टच्या सुळ्यांची धार कान कापते, म्हणून सुळ्यांवर गोल पाइप किंवा कापडी आवरण घाला. उचललेल्या बॅगेखाली कोणी हात घालू नये, खालचे तोंड सोडायलासुद्धा नाही. आणि उन्हात ठेवू नका, कापडाचे धागे नखाने पिठासारखे निघू लागले की बॅग संपली.

मिठाला आत पॉलिथिलीनचे अस्तर हवे, आपल्या हवेत मीठ पाणी ओढते. कच्च्या काजूबीला मात्र उलट: अस्तराच्या बॅगेत बी घामेजते आणि बुरशी धरते. ८ ते १० टक्क्यांपर्यंत वाळवलेली बीसुद्धा थोडा ओलावा सोडत असते, त्याला बाहेर जायला वाट लागते. तागाचे पोते तिच्यासाठी अजून सरस.

पीठ, साखरेची भुकटी अशी बारीक धूळ असेल तर बॅगेचा प्रकार बघा. ए प्रकारात स्थिर विजेपासून काहीच संरक्षण नाही. बी प्रकार ठिणगीची ताकद मर्यादित ठेवतो. सी प्रकारात वीजवाहक धागे असतात, पण भरताना आणि रिकामी करताना अर्थिंगचा चिमटा लावलाच पाहिजे. तो न लावलेली सी बॅग ए बॅगेपेक्षा धोक्याची, कारण सगळा साठलेला भार एकाच ठिणगीत सुटू शकतो. डी प्रकाराला चिमटा लागत नाही.

कुंभारजुवे_बार्ज
घन माल कायम घनच राहतो असे धरू नका. गोव्याला हे माहीत असायला हवे, कारण लोहखनिजाची भुकटी हा वर्षानुवर्षे आपला सगळ्यात मोठा सुटा माल होता. ओली भुकटी जहाजाच्या पोटात इंजिनाच्या आणि लाटांच्या हादऱ्यांनी दाबली जाते, कणांमधले पाणी बाहेर पडू शकत नाही, कण एकमेकांवरचा आधार सोडतात आणि ढीग चिखलासारखा एका बाजूला वाहतो. जहाज झुकते आणि परत सरळ होत नाही. २००९ च्या पावसाळ्यात मंगळूरहून भुकटी घेऊन निघालेले एशियन फॉरेस्ट असेच बुडाले.

म्हणून १ जानेवारी २०११ पासून जहाजावरच्या सुट्या मालाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच बंधनकारक झाला. नेता येण्याजोग्या ओलाव्याची मर्यादा चाचणीने ठरवतात आणि ती चाचणी ६ महिन्यांच्या आतली लागते. प्रत्यक्ष ओलावा लादण्याआधी ७ दिवसांच्या आत मोजलेला हवा. मधे पाऊस पडला तर पुन्हा मोजायचा. धक्क्यावर कॅप्टन करतात ती डब्याची चाचणी अशी: अर्धा ते एक लिटरचा डबा नमुन्याने अर्धा भरा, २० सेंटिमीटरवरून कठीण जमिनीवर २५ वेळा आपटा, दर आपटण्यात एक-दोन सेकंदांचे अंतर. वर पाणी किंवा पातळ चिखल दिसला तर माल चढवू नका, आधी प्रयोगशाळेत पाठवा. पाणी दिसले नाही म्हणजे माल सुरक्षित असे मात्र ठरत नाही.

वर लाटेबद्दल लिहिले आहे त्याला जोड. अर्धवट भरलेल्या टाकीत द्रव हलून जहाजाचा तोल बिघडतो; द्रवाच्या मोकळ्या पृष्ठभागाचा हा परिणाम रुंदीच्या घनाप्रमाणे (तिसऱ्या घाताप्रमाणे) वाढतो. बार्जच्या टाकीत मधोमध एक उभी भिंत घातली तर रुंदी निम्मी, प्रत्येक कप्प्याचा परिणाम एक अष्टमांश, दोन्ही मिळून एक चतुर्थांश. एका पत्र्यात तीन चतुर्थांश धोका जातो. पावसाळ्यात आग्वादचा बार, म्हणजे मांडवीच्या मुखावरचा वाळूचा उंचवटा, वाहतुकीला बंद झाला की मांडवीतल्या बार्जना कुंभारजुव्याच्या कालव्यातून मुरगावला जावे लागते. तिथे भरती-ओहोटीचा हिशेब असतोच, त्यात पोटातले पाणी हलते ठेवू नये.

सत्तरीचे_भाट
बाब, ग्लुकोज सिरपची लेबल असलेली टाकी मिळते आहे. घेताना जागेवर काय तपासू?

वेर्णा_स्टोअर
आधी झाकण उघडून वास घ्या, पण तोंड आत घालू नका. मग टॉर्च आतून लावून बाहेरून बघा: भिंतीवर केसासारख्या रेषा दिसल्या तर सोडा, विशेषतः तळाच्या कोपऱ्यांत. पिंजऱ्याच्या वेल्डवर गंज असेल तर एक नळी हाताने हलवून बघा. समुद्राजवळच्या यार्डातल्या टाक्यांत तळाची चौकट आधी जाते. पॅलेट लाकडी असेल तर पावसाळ्याआधी बदलावे लागेल, स्टीलचे किंवा प्लास्टिकचे मागा.

घरी आणल्यावर पाण्याने काठोकाठ भरून एक दिवस ठेवा, खाली कोरडा पुठ्ठा पसरून. पुठ्ठा ओला झाला तर थेंब कुठून आला ते ठिकाण कळते. व्हॉल्व्ह दहा-बारा वेळा उघडा-बंद करा. बटरफ्लाय (आत फिरणाऱ्या चकतीचा) व्हॉल्व्ह असेल तर चकतीच्या मागे जुना सिरप चिकटलेला असतो. व्हॉल्व्ह उतरवून चकती ब्रशने घासल्याशिवाय टाकी स्वच्छ झाली असे म्हणू नका. उतरवताना आतली चपटी रिंग हरवते, ती नवीच घ्या. रिकामी करताना मागची बाजू दोन-तीन सेंटिमीटर उंच करा, नाहीतर तळाशी चार-पाच लिटर राहतात आणि रस असेल तर दुसऱ्या दिवशी तेच पुढच्या भरण्याचे आंबवण होते. आणि चिखलीच्या यार्डात टाकी घेत असाल तर झाकणाचा रबरही त्याच फेरीत मागून घ्या. वाळपईत १५० मिमीचा सुटा मिळणे कठीण.